वळिवड्याची शाळा

मावळात जुलै महिन्यात शिबिर घ्यायचे म्हणजे छत्री, मेणकापड आणि भरपूर वेळ हाताशी ठेवूनच निघावे लागते. कामशेतच्या पुढे एका गावात शिक्षकांसाठी विज्ञानाचे दोन दिवसांचे शिबिर होते. टाकाऊ वस्तूंपासून पर्जन्यमापक बनवणे हा पहिल्या दिवसाचा विषय. जेवणाच्या सुट्टीत एक बाई बाजूला येऊन म्हणाल्या, “सर, विज्ञानाचा प्रश्न नाही, पण विचारू का? माझ्या चौथीच्या वर्गात जूनमध्ये एक मुलगी आली आहे. ओडिशाची. वडील बांधकामावर आहेत. सहा आठवडे झाले, एक शब्द बोलत नाही. मारत नाही, रडत नाही, नुसती बसते. हिला हा वर्ग आपला वाटावा म्हणून मी नेमके काय करू?”

मी विज्ञानाचा माणूस. त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. “वेळ द्या” असे काहीतरी मोघम बोललो आणि ते बाईंना पुरले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. परतीच्या लोकलमध्ये प्रश्न डोक्यात राहिला. ती मुलगी काही निर्वासित नव्हे. पोटासाठी आलेल्या कुटुंबातली आहे. पण भाषा मागे राहिली, घर मागे राहिले, आणि आता एका अनोळखी वर्गात बसायचे, ही तिची स्थिती निर्वासित मुलाच्या स्थितीहून फार वेगळी नाही. मावळाला तर ही गोष्ट नवी नसावी. पवना धरणात ज्यांची गावे गेली त्यांच्या मुलांनीही शाळा बदलल्याच होत्या.

या प्रश्नाचा एक मोठा, जवळजवळ पाच वर्षे चाललेला ‘प्रयोग’ आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला आहे. तो कोणी प्रयोग म्हणून केला नव्हता. युद्धाने तो करायला लावला. ठिकाण होते कोल्हापूरजवळचे वळिवडे. मुंबईहून कोल्हापूरला जाणारी माणसे, टपाल आणि पुस्तके तेव्हाही याच लोणावळ्यावरून, बोरघाट चढून जात. पुण्याला गाडी बदलायची, कारण पुढे मिरजेपर्यंत आणि कोल्हापूरपर्यंत रूळ अरुंद होते, मीटर गेजचे. त्या रुळांवरच्या वळिवडे गावाजवळ १९४३ साली सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहायला आली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती.

ती इथे कशी आली?

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत आल्या. पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात तिथल्या कुटुंबांना चार मोठ्या लाटांमध्ये उचलून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात नेण्यात आले. सोव्हिएत सरकारच्याच कागदपत्रांनुसार अशा लोकांची संख्या तीन लाखांहून अधिक होती. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, पोलीस, सैनिक यांची ही कुटुंबे. सामान बांधायला मिळालेला वेळ थोडा, आणि प्रवास मालगाडीच्या डब्यांतून आठवडेच्या आठवडे.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधले पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला. हद्दपार केलेल्या पोलिश नागरिकांना मोकळे करायचे आणि त्यांच्यातून जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली सैन्य उभारायचे असे ठरले. हे सैन्य १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये गेले. सैनिकांबरोबर बायकामुले आणि अनाथ मुलेही गेली. एकूण लाखाहून अधिक माणसे इराणच्या किनाऱ्याला लागली. उपासमार आणि विषमज्वर यांनी त्यांतली अनेक वाटेत आणि इराणमध्ये पोचल्यावरही दगावली.

सैनिक पुढे लढाईवर जाणार होते. मग मुलांचे काय? ज्या देशांनी त्यांना जागा दिली त्यांत पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको यांच्याबरोबर भारतही होता. मुंबईतले पोलंडचे वकील एउगेनिउश बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांनी यासाठी बरीच धडपड केली. अनाथ मुलांची पहिली तुकडी १९४२ च्या वसंतात मशहद, झाहिदान, क्वेट्टा अशा वाटेने ट्रकने आणि रेल्वेने मुंबईला आली. काही महिने ती वांद्र्याला राहिली. मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकाठी त्यांच्यासाठी छावणी उभारून दिली. तिथे काही शे मुले राहिली आणि मोठी झाली. मोठ्या संख्येने आलेली कुटुंबे मात्र इराणहून कराचीमार्गे आली आणि त्यांच्यासाठी कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची वसाहत बांधली गेली.

एका मुलाचा हिशेब

आता समजा, १९४० मध्ये एक मुलगा सात वर्षांचा आहे. तो पहिलीत आहे. फेब्रुवारीत त्याला घरातून उचलले. पुढची दोन वर्षे तो कझाकस्तानात आहे. शाळा मिळाली तर ती रशियन भाषेतली, आणि बहुतेक दिवस भाकरीच्या रांगेत किंवा लाकडे गोळा करण्यात गेलेले. मग वर्षभर इराणमधला तंबू. वळिवड्याला तो पोचतो तेव्हा दहा वर्षांचा झाला आहे आणि त्याच्या इयत्तेचे गणित पार चुकले आहे. वाचता जेमतेम येते. शाळेत नऊ वर्षांच्या मुलांशेजारी तेरा वर्षांचा मुलगा बसलेला असणार, हे उघडच आहे.

वर्गातल्या अशा मुलाला काय लागते? पोट भरणे, औषध, झोप, हे तर लागतेच. पण त्यानंतर काय? वळिवड्याच्या लोकांनी या प्रश्नाचे उत्तर फार लवकर दिले. छावणीत माणसे येऊ लागली आणि त्याबरोबर शाळा सुरू झाल्या. बालवाड्या, चार प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, तिच्यापुढचे उच्च माध्यमिक वर्ग आणि भावी शिक्षकांसाठी अध्यापन वर्ग, असा सगळा जिना तिथे उभा राहिला. शिकवणाऱ्या मुख्यतः स्त्रिया होत्या. काही प्रशिक्षित शिक्षिका होत्या, तर काहींनी परिस्थितीने हातात खडू घेतला होता. पुस्तके कमी होती. मध्यपूर्वेत पोलिश सैन्याबरोबर छापखाने होते. तिथे पाठ्यपुस्तकेही छापली जात. एक प्रत अनेकांनी वापरायची आणि बाकीचे वहीत उतरवून घ्यायचे.

वसाहत म्हणजे रांगेने बांधलेल्या बराकी. प्रत्येक कुटुंबाला एक छोटी जागा. त्याशिवाय दवाखाना, चर्च, बाजार, रंगमंच. मुंबईहून ‘पोलाक व इंदियाख’, म्हणजे ‘भारतातला पोल’, या नावाचे पोलिश नियतकालिक निघे. आसपासच्या खेड्यांतून भाजी, दूध, फळे घेऊन विक्रेते येत. छातीठोकपणे सांगता येते ते हे, की त्या मुलांच्या दिवसाला सकाळ, दुपार आणि संध्याकाळ परत मिळाली. सकाळी घंटा, मग तास, संध्याकाळी खेळ किंवा नाटकाची तालीम. तीन वर्षे ज्यांना उद्या कुठे असू हे ठाऊक नव्हते, त्यांना उद्याचा पहिला तास भूगोलाचा आहे हे ठाऊक झाले. वेळापत्रक ही आपल्याला कंटाळवाणी वाटणारी गोष्ट त्या मुलांच्या दृष्टीने औषधासारखी होती.

तुकडीतले काम

शाळेइतकेच महत्त्वाचे काम केले ते बालवीर आणि वीरबाला चळवळीने. पोलंडमध्ये ही चळवळ युद्धापूर्वीच रुजलेली होती. वळिवड्यात ती जोमाने वाढली. तिच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्यांमध्ये झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की हे तरुण अधिकारी होते, ते पुढे धर्मगुरू झाले.

बालवीर पद्धतीचा गाभा काय आहे? सहा-आठ मुलांची एक तुकडी. तुकडीचा नायक त्या मुलांपैकीच एक. आणि प्रत्येकाला एक ठरलेले काम: कोणी शिदोरी सांभाळायची, कोणी नकाशा, कोणी प्रथमोपचाराची पेटी. ज्याच्याकडे पेटी आहे तो एके दिवशी आला नाही तर सहलीची अडचण होते. म्हणजे त्याची गरज आहे. ‘आपण इथले आहोत’ ही भावना कोणी आपल्याला प्रेमाने सांगून येत नाही. आपल्यावाचून इथले काहीतरी अडते, हे कळल्यावर ती येते. वळिवड्याच्या अनुभवातून मला उमजलेली ही पहिली गोष्ट.

जवळजवळ त्याच काळात इंग्लंडमध्ये याच विषयावर शास्त्रीय निरीक्षणे चालू होती. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम लंडनमध्ये युद्धकालीन बालगृहे चालवत होत्या. बॉम्बवर्षावापेक्षाही घरच्या माणसांपासून झालेली ताटातूट लहान मुलांना जास्त मोडते, असे त्यांना दिसले. युद्धानंतर, १९४५ मध्ये, तेरेझिनच्या छळछावणीतून वाचलेली तीन-चार वर्षांची सहा मुले इंग्लंडमधल्या एका घरात वर्षभर ठेवण्यात आली. या मुलांनी आईवडील पाहिलेच नव्हते म्हटले तरी चालेल. सुरुवातीला ती मोठ्या माणसांना चावत, थुंकत, खेळणी फोडत. पण एकमेकांशी? खाऊ आधी दुसऱ्याला मिळाला का हे पाहत. एक मागे राहिला तर बाकीची पुढे चालत नसत. अ‍ॅना फ्रॉइड आणि सोफी डान यांनी १९५१ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. मुलाला आधार फक्त मोठ्यांकडून मिळतो ही समजूत त्याने ढिली झाली. बरोबरीची मुले हाही मोठा आधार आहे. मोठ्यांवरचा विश्वास या मुलांमध्ये हळूहळू आला, तो या सोबतीच्या बळावर.

सहा मुलांवरून नियम मांडता येत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नको. पण वळिवड्याची तुकडी आणि ते इंग्लंडमधले घर शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्हीकडे एकच धागा दिसतो.

ज्या गावासाठी शाळा, ते गावच गेले

वळिवड्याच्या शाळेचे ध्येय स्पष्ट होते. युद्ध संपेल, आपण परत जाऊ, तेव्हा मुले पोलिश शाळेत योग्य इयत्तेत बसली पाहिजेत. म्हणून माध्यम पोलिश, इतिहास पोलंडचा, परीक्षा पोलिश पद्धतीच्या. वडील आणि मोठे भाऊ आंदेर्स यांच्या सैन्यात होते. मे १९४४ मध्ये इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईत याच सैन्याने टेकडीवरचा मठ घेतला. त्या विजयाच्या बातमीबरोबर पडलेल्या सैनिकांची नावेही आली.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेत बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली. या मुलांची बहुतेकांची गावे आता सोव्हिएत संघात गेली. ल्वूफ हे शहर आज युक्रेनमध्ये ल्विव्ह या नावाने आहे, विल्नो हे लिथुआनियाची राजधानी विल्निअस आहे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. शिक्षकाच्या नजरेने ही स्थिती पाहा. मुलगा भूगोलाच्या वहीत आपल्या गावाची नदी काढतो आहे, आणि नकाशावर ते गाव दुसऱ्या देशात गेले आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर ज्या सरकारचा आधार, ते सरकार जगाच्या लेखी संपले आहे. तरी दुसऱ्या दिवशी घंटा वाजली आणि तास झाले. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तिथली मुलेही वळिवड्यातच आली.

१९४७ आणि १९४८ या दोन वर्षांत वसाहत रिकामी होत गेली. सैनिकांच्या कुटुंबांना ब्रिटनमध्ये जाता आले. काही माणसे पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत गेली. काही पोलंडला परतली, पण मूळ गावी नव्हे.

इथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. जगभर पांगलेली ही मुले स्वतःला काय म्हणू लागली? ‘भारतातले पोल’. त्यांनी या नावाने संघटना काढली, मेळावे भरवले, २००० साली लंडनमध्ये आपल्या आठवणींचा मोठा ग्रंथ काढला, आणि म्हातारपणी पुन्हा कोल्हापूरला येऊन गेली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यातही स्मारकस्तंभ उभा राहिला. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे आदरांजली वाहिली. वॉर्सातल्या एका शाळेने जामसाहेबांचे नाव घेतले आहे. ज्या गावासाठी शाळा काढली ते गाव परत मिळाले नाही. मग शाळाच त्यांचे गाव झाली.

एक उणीव

पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने प्रयोगातली उणीव झाकू नये. पाच वर्षे शेजारी राहूनही वळिवड्याची मुले आणि कोल्हापूरची मुले एका वर्गात बसली नाहीत. थोड्या पोलिश मुली पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळांत शिकल्या, तेवढाच अपवाद. मुलांनी बाजारातले चार मराठी-हिंदी शब्द उचलले, आंबा ओळखला, पावसाळा अनुभवला. पण ती पाहुणी होती आणि पाहुणी म्हणून गेली. परत जाण्याच्या आशेवर चालणाऱ्या शाळेला दुसरे काही करताही आले नसते.

जिथे कायमचे राहायचे असते तिथे काय होते? याचेही उत्तर त्याच जागेत मिळते. फाळणीनंतर सिंधमधून लाखो हिंदू सिंधी भारतात आले. मुंबई प्रांतात त्यांना बहुतेक ठिकाणी युद्धकाळातल्या रिकाम्या बराकींत ठेवले: कल्याण, देवळाली, आणि लोणावळा लोकलच्याच मार्गावरचे पिंपरी. कल्याणच्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. वळिवड्याच्या पोलिश बराकींतही सिंधी कुटुंबे आली. आज तिथे गांधीनगर आहे आणि कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ते साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे.

त्याच छपराखाली दुसऱ्यांदा निर्वासितांची मुले शिकू लागली. मात्र त्यांचा प्रश्न उलटा होता. परत जायचे नव्हते. भाषा होती, पण भारतात तिचा प्रांत नव्हता. त्यात लिपीचा वाद: सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहायची की देवनागरीत? या वादात दोन्ही लिप्या चालू राहिल्या. सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळायला १९६७ साल उजाडले. सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या, पण पुढच्या पिढ्यांचे आईवडील पोटापाण्याचा विचार करून मुलांना इंग्रजी, हिंदी, मराठी शाळांत घालू लागले. मुले इथली झाली, दुकानात अस्खलित मराठी बोलू लागली. पण अनेक घरांत नातवंडांना आजीची लिपी वाचता येईनाशी झाली.

म्हणजे एका वसाहतीने आपली भाषा राखली, पण शेजारच्या वर्गाचे दार उघडले नाही. दुसरीसाठी शेजारचा वर्ग उघडला, पण आपली भाषा हातून निसटत गेली. यांतले एकच निवडायचे असते का?

कोल्हापूरचे जुने उत्तर

गंमत अशी, की या प्रश्नाचे एक उत्तर कोल्हापुरातच चाळीस वर्षे आधी दिले गेले होते. खेड्यातून कोल्हापूरला शिकायला येणाऱ्या मुलांची अडचण राजर्षी शाहू महाराजांनी पाहिली. राहायला जागा नाही, जातीमुळे कोणी जवळ करत नाही, शहराची रीत ठाऊक नाही. १९०१ पासून त्यांनी वसतिगृहांना जागा, पैसा आणि पाठबळ दिले. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. संध्याकाळी परतायला आपल्या माणसांची, आपल्या बोलीची, आपल्या भाकरीची जागा झाली.

पण महाराज तिथे थांबले नाहीत. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. राहायला आपली खोली आणि शिकायला सामाईक वर्ग, अशी ही जोडी होती. जातवार वसतिगृहांवर पुढे टीकाही झाली, आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. आपली खोली कायमची भिंत होऊ शकते. तरी तत्त्व म्हणून या जोडीत तथ्य आहे. मुलाला पाय टेकायला ओळखीची जमीन लागते आणि चालायला समोर मोकळा रस्ता लागतो.

पुढच्या काळात हे तत्त्व इतर निर्वासितांच्या शाळांतही दिसते. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी मुलांसाठी १९६० मध्ये मसुरीला शाळा निघाली, आणि पुढे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळांचे जाळे उभे राहिले. तिथे तिबेटी भाषा आणि भारतीय शालेय परीक्षा या दोन्हींची सांगड घालण्याचा प्रयत्न झाला. या मुलांसाठी झटणाऱ्यांमध्ये वांदा दिनोव्स्का नावाची एक पोलिश बाई होती. तिला इथे लोक उमादेवी म्हणत. महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या पोलिश मुलांसाठीही तिने काम केले होते. एका छावणीत शिकलेले दुसऱ्या छावणीत असे पोचले. आपल्या महाराष्ट्रातही, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ १९७० च्या दशकात वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे.

१९५३ मध्ये युनेस्कोने शाळेत मातृभाषेच्या वापराविषयी एक अहवाल काढला. शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी आणि दुसऱ्या भाषेकडे मुलाने तिच्याच आधाराने जावे, असा त्याचा सूर होता. वळिवड्याच्या शिक्षिकांनी तो अहवाल निघण्याआधी दहा वर्षे त्याचा पहिला अर्धा भाग आचरणात आणला होता. दुसरा अर्धा आपल्या वर्गात आपण आणायचा आहे.

पुन्हा मावळात

हे सगळे मी त्या बाईंना एका लांबलचक पत्रात कळवले. शेवटी तीन गोष्टी लिहिल्या. एक, तिला बोलायला लावू नका, काम द्या; असे काम की जे तिने केले नाही तर वर्गाचे अडेल. दोन, वर्गात आठवड्यातून थोडा वेळ असा ठेवा की ज्यात तिची भाषा चालते आणि बाकीच्यांची अडखळते. तीन, ‘तुझे गाव कुठे, का आलात’ हे सगळ्यांसमोर विचारू नका. ते ती तिच्या वेळेला सांगेल.

महिन्याभराने उत्तर आले. बाईंनी शिबिरात बनवलेला पर्जन्यमापक शाळेच्या अंगणात लावला होता. बाटली, फनेल आणि मिलिमीटरची पट्टी. रोज सकाळी ठरल्या वेळी पाणी मोजायचे आणि फळ्यावर आकडा लिहायचा, हे काम त्यांनी त्या मुलीकडे सोपवले. मावळात पावसाळ्यात हे काम छोटे नसते. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि बाटली कधी कधी दुपारीच भरते. आकडा लिहायला मराठी बोलावे लागत नाही. पहिले काही दिवस ती लिहून जागेवर जाऊन बसे. एके दिवशी ती आजारी होती आणि फळ्यावरची जागा रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग तिच्याभोवती जमला: काल मोजले कोणी? बाईंनी मग ओडियातले आकडे तिच्याकडून फळ्यावर लिहून घेतले. दुइ, तिनि, चारि म्हणताना पोरांना जमेना आणि ती हसली, असे बाईंनी लिहिले होते. दोन्ही भाषांतले आकडे इतके जवळचे कसे, हा प्रश्न एका मुलाने विचारला. त्यावर दोन तास गेले.

एप्रिलमध्ये ते बांधकाम संपले आणि कुटुंब पुढच्या कामावर गेले. बाईंनी शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर पुढच्या शाळेतल्या शिक्षकांच्या नावे एक चिठ्ठी दिली. त्यात मुलीला काय काय येते ते लिहिले होते: गुणाकार, भागाकार, ओडिया वाचन, मराठी वाचन बऱ्यापैकी, आणि पाऊस मोजणे. ती चिठ्ठी कोणी वाचली असेल का, हे बाईंनाही कळायला मार्ग नाही. पावसाची वही मात्र शाळेत आहे. आता ती पाचवीतले दोघे जण भरतात, आणि पहिल्या चार महिन्यांच्या पानांवर तिचे अक्षर आहे.